थांबा-रजिस्टरची पहिली नोंद

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो स्ट्रेचर ढकलत होता, आणि उलटं ढकलत होता.

सैनिकी रुग्णालयातला माझा पहिला दिवस. बदलीचा कागद हातात, बॅग अजून ऑफिसच्या दाराशी पडलेली, आणि बाहेर चार दिवस मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखा पाऊस... जायचं नाव घेईना. लांबलचक व्हरांड्यात ओल्या बुटांचे ठसे. त्या ठशांवरून हे स्ट्रेचर येत होतं, पेशंटचं डोकं पुढे, पाय मागे. ढकलणाऱ्याच्या अंगात धुऊन धुऊन विटलेले हिरवे कपडे, पायात रबरी चपला, टोपी पार भुवयांपर्यंत.

"ओ मामा, थांबा जरा."

वॉर्डातल्या मदतनीसाला मामा म्हणायची सवय मला कॉलेजपासूनची. तो थांबला.

"पेशंट कोण?"

"माझ्या ओळखीचा आहे."

"तुमच्या ओळखीवर ऑपरेशन होत नाही. मनगटावरची पट्टी वाचा. मोठ्याने."

त्याने वाचली. नाव, नंबर, रक्तगट, सगळं धडा म्हणून दाखवावा तसं.

"कुठला गुडघा?"

"डावा."

"खूण केलीय का डॉक्टरांनी? दाखवा."

त्याने चादर बाजूला केली. डाव्या गुडघ्यावर जांभळा बाण होता, पट्टी धरून काढल्यासारखा सरळ.

"शाबास," मी म्हटलं. "आता स्ट्रेचर फिरवा. पाय पुढे. आपण कुठे चाललोय ते पेशंटला दिसायला हवं."

"होय मॅडम."

स्ट्रेचरवरचा जवान ओठ दाबून छताकडे बघत होता. त्याला इतकं हसू का येतंय ते मला अर्ध्या तासाने कळलं. भूल द्यायला माणूस नाही म्हणून मला तशीच थिएटरमध्ये पाठवलं होतं. पेशंटच्या उशाशी बसून मी औषधं लावतेय तोवर दार ढकलून सर्जन आत आले, धुतलेले ओले हात वर धरून. मास्कच्या वर फक्त डोळे. ते डोळे माझ्या ओळखीचे होते.

"मामा हजर आहेत मॅडम," ते म्हणाले.

मोठ्या सिस्टर, म्हणजे या थिएटरच्या खऱ्या मालकीणबाई, हत्यारांच्या ट्रेकडे वळून खोकल्या. तो खोकला नव्हता. मी कॅप्टन, समोर मेजर. माझ्या कानाच्या पाळ्या इतक्या तापल्या की टोपीतूनही दिसल्या असतील.

"सर, मला माहीत नव्हतं... "

"सगळी माणसं परेडच्या सरावाला गेलीत. म्हटलं आपणच आणू." त्याने हात पुढे केले, सिस्टरनी हातमोजे चढवले. "एक विचारू? मी मेजर आहे हे माहीत असतं, तर थांबवलं असतंत?"

"अर्थातच," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. अविश्वासाने नाही, नुसताच. मी घाईघाईने मॉनिटरकडे मान वळवली. कारण ते 'अर्थातच' किती खरं होतं, ते माझं मलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून अख्खं रुग्णालय त्याला मामा म्हणायला लागलं. अर्थात पाठीमागे. तोंडावर सगळे "होय सर."

या "होय सर"ने पुढे माझा जीव खाल्ला. झालं असं की मागच्या ठिकाणी मी दोन दिवसांचं एक प्रशिक्षण घेतलं होतं: थिएटरमध्ये एकत्र काम कसं करावं, पेशंटला आपल्याच चुकांपासून कसं वाचवावं. तो कागद माझ्या फायलीत होता आणि ती फाईल कमांडंट साहेबांनी वाचली. आठवड्यात मुख्यालयाचा आदेश आला की सगळ्या डॉक्टरांना हेच शिकवा, आधी आणि नंतर त्यांची मतं फॉर्मवर घ्या. साहेबांनी मला बोलावलं.

"कॅप्टन, हे तुमचं. निकाल उत्तम आला पाहिजे."

"सर, निकाल खरा आला पाहिजे."

"तेच म्हणतोय मी. खरा आणि उत्तम."

तीस प्रश्नांचे सेहेचाळीस फॉर्म मी सकाळी वाटले. दुपारी माझ्या टेबलावर गठ्ठा हजर. मी पहिला उघडला: सगळीकडे 'पूर्ण सहमत'. दुसरा, तेच. तिसरा, तेच. प्रश्न क्रमांक नऊ होता: 'माझ्या विभागात चुका लपवल्या जातात.' पूर्ण सहमत. ओळीने पंचेचाळीस डॉक्टर छाती पुढे काढून चुका लपवतो म्हणून सांगत होते. सगळ्या खुणा एकाच निळ्या पेनाच्या. मी ऑफिसच्या क्लार्कला गाठलं.

"हे तुम्ही भरलंत?"

"डॉक्टर लोकांना वेळ कुठे असतो मॅडम. साहेबांचा हुकूम होता, फॉर्म एकसारखे हवेत."

"एकसारखे म्हणजे नीटनेटके!"

"नीटनेटकेच आहेत की," तो दुखावून म्हणाला.

मी डोक्याला हात लावला. मग गठ्ठ्याच्या तळाशी सेहेचाळिसावा सापडला. पेन्सिलने भरलेला, अक्षर बारीक, सरळ. प्रत्येक उत्तर वेगळं, आणि कडेला शेरे. 'हा प्रश्न ज्याने लिहिला त्याने थिएटर बाहेरूनच पाहिलं असावं.' प्रश्न नऊ: 'सहमत. आणि हे खरं उत्तर आहे.' प्रश्न बावीस, वरिष्ठ चुकत असेल तर मी त्याला थांबवेन: 'नवीन भूलतज्ज्ञांनी प्रात्यक्षिक दाखवलं आहे, प्रयत्न करू.' मी एकटीच हसले. आणि मग प्रश्न सतरा: 'मी दमलेलो असलो तर माझ्या कामावर परिणाम होतो.' पूर्ण असहमत. कडेला, 'छत्तीस तासांनंतरही माझा टाका सरळ येतो.'

माझं हसू तिथेच संपलं. तो फॉर्म घेऊन मी तडक कँटीन गाठलं. तो खिडकीशी उभा राहून चहा पीत होता.

"हे काय आहे?"

"माझं प्रामाणिक मत."

"हे मत नाही, फुशारकी आहे. माणूस आहात ना तुम्ही?"

"मामा आहे," तो म्हणाला. "बसा. चहा घ्या. रागावलात की तुमची डावी भुवई वर जाते, माहीत आहे?"

"माझ्या भुवईचा आणि प्रश्न सतराचा काय संबंध?"

"काही नाही. मी भुवईबद्दलच बोलतोय."

अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? मी चहा घेतला. पाऊस पत्र्यावर वाजत होता, आणि त्या आवाजात तो सांगत होता की त्याचे वडील शिंपी. दुकानातल्या मशीनखाली वडिलांची दोन बोटं गेली तेव्हा कुणीतरी ती कशीबशी शिवली. बोटं राहिली, पण वाकेनात. "त्यांनी नंतर डाव्या हाताने कात्री धरायला शिकून घेतलं. मला टाका त्यांनी शिकवला, कॉलेजने नाही." म्हणून त्याला हातांचीच सर्जरी शिकायची होती. दोन वर्षांचा कोर्स, अख्ख्या सैन्यातून वर्षाला एक जागा, तीनदा अर्ज करून यंदा त्याचं नाव पहिलं लागलं होतं. महिन्या-दीड महिन्यात कमांडंट साहेबांची शिफारस गेली की झालं.

"रेकॉर्ड स्वच्छ लागतं," तो म्हणाला. "तुमच्या थांबा-रजिस्टरात माझं नाव नको यायला."

थांबा-रजिस्टर ही माझी कल्पना. नियम साधा होता. कुणालाही काही खटकलं, अगदी नव्या नर्सला खटकलं तरी, तिने दोनदा सांगायचं. ऐकलं नाही तर तिसऱ्यांदा एकच शब्द म्हणायचा, 'थांबा', आणि मग जगातला कुठलाही हुद्दा असो, थांबायचं. दुसरा नियम असा की कुणी काही सांगितलं की ते ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवायचं, सांगणाऱ्याने 'बरोबर' म्हणायचं, मगच हात हलवायचा. आणि प्रत्येक 'थांबा' रजिस्टरात लिहायचा, शिक्षा म्हणून नव्हे, सगळ्यांनी शिकावं म्हणून. थिएटरच्या दाराशी खिळ्याला दोरीने ते रजिस्टर टांगलं, सोबत पेन बांधलं.

प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी मी रबरी बाहुला टेबलावर निजवला आणि मेजरला गुपचूप सांगून ठेवलं: मुद्दाम दहापट डोस सांगा, बघू कोण थांबवतंय. त्याने गंभीर चेहऱ्याने सांगितला.

"होय सर," चाळीस गळे एका सुरात म्हणाले.

बाहुला मेला. मी पुन्हा समजावलं, पुन्हा केलं. बाहुला पुन्हा मेला. पाचव्या वेळी मी म्हटलं, "अहो, एकाला तरी वाटलं का, की हे जास्त होतंय?"

सगळे हात वर.

"मग बोलला का नाहीत?"

मागून एक आवाज आला, "सरांनी सांगितलं होतं ना, मॅडम."

पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते मी फक्त ऐकलं होतं, त्या दिवशी ओतून पाहिलं. आणि हा गृहस्थ भिंतीला टेकून माझ्याकडे अशा नजरेने बघत होता, की मला बाहुल्यापेक्षा माझीच नाडी तपासावीशी वाटली.

पाच आठवडे रजिस्टर कोरं राहिलं. त्यातली एकमेव हालचाल म्हणजे पेन दोनदा चोरीला गेलं. दर शनिवारी ते साहेबांकडे सहीला जायचं आणि 'निरंक. उत्तम.' असा शेरा घेऊन परत यायचं.

"कोण लिहिणार त्यात?" मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "साप दिसला म्हणून ओरडायचं, आणि काठी आपल्याच पाठीत."

घरी फोनवर आईला हे सगळं सांगून मी वैताग काढायचे. आईला रजिस्टरात रस नव्हता.

"आणि तुझ्या मामाचं काय?"

"आई, तो माझा मामा नाही. आणि त्याचं नाव काढू नकोस. परवा मी सांगितलं की रोज सहा तास झोपत जा, तर म्हणतो, तुमच्याशी भांडायला वेळ कमी पडेल. वर माझ्या मगवर चिकटपट्टी लावून त्यावर 'आधी वाचा, मग प्या' लिहून ठेवलं. इतका राग येतो मला त्याचा."

"हं," आई म्हणाली. "रोज येतो का?"

"रोज."

"मग चांगलंच आहे," म्हणून तिने फोन ठेवला. आईंना काही समजावायचं म्हणजे...

पण हातातल्या बंद फोनकडे मी बराच वेळ बघत बसले. मला तो आवडत होता. लपवायचं कुणापासून? चांगला सणसणीत आवडत होता.

मग तो मंगळवार आला. सरावाला निघालेला ट्रक घाटात उलटला, चौदा जण एकदम आले. मेजर सकाळी सहाला उभा राहिला तो राहिलाच. संध्याकाळी आठला माझी पाळी दुसऱ्या भूलतज्ज्ञाने घेतली. मी जाताना म्हटलं, "तुम्हीही दुसऱ्या सर्जनला बोलवा." तो म्हणाला, "ते शेजारच्या टेबलावर आहेत." खरंच होते. मी जाऊन झोपले, सकाळी आठला परत आले, तर तो तिथेच. डोळे लाल, बोलणं नेहमीपेक्षा जास्त स्वच्छ, जास्त हळू. अकरापर्यंत तेरा जण मार्गी लागले. शेजारच्या टेबलावरचे सर्जनही घरी गेले.

चौदावा ट्रकचा ड्रायव्हर. उजव्या हाताच्या तीन बोटांच्या शिरा तुटलेल्या. जिवाला धोका नव्हता. जखम धुऊन, बांधून ठेवली होती, ती संध्याकाळपर्यंत थांबू शकत होती. पण हे हाताचं काम होतं आणि हात म्हटलं की त्याला धीर नव्हता.

बुधवार, दुपारचे बारा. सुरू करण्याआधी पट्टी वाचायची असते. त्याने वाचली. नाव बरोबर, नंबर बरोबर, रक्तगट... रक्तगट त्याने तेराव्या पेशंटचा सांगितला. त्याची नजर पट्टीवर नव्हतीच. समोरच्या भिंतीवर होती.

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मदतीला उभ्या असलेल्या दोघांनी फरशीकडे पाहिलं. सगळ्यांनी ऐकलं होतं. अळीमिळी गुपचिळी.

त्या क्षणी मला काय आठवलं असेल? ना पेशंट, ना नियम. मला आठवला तो कोर्स. सोमवारी शिफारस जाणार होती. मी तोंड उघडलं की रजिस्टरात नाव, रजिस्टर शनिवारी साहेबांकडे. एक वाक्य, आणि शिंप्याच्या मुलाची तीन वर्षं पाण्यात. शिवाय तो पुन्हा माझ्याशी कधी... समोर रबरी बाहुला नव्हता. ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता, त्याच्या बोटांवर त्याचं पोट होतं.

"सर, रक्तगट पुन्हा वाचाल?"

"वाचला."

"सर, तुम्ही दमला आहात. मला हे ठीक वाटत नाही."

"कॅप्टन, भूल द्या." पहिल्यांदाच त्याने मला हुद्द्याने हाक मारली.

"थांबा," मी म्हटलं.

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"मी भूल देणार नाही. तुम्ही मागच्या पेशंटचा रक्तगट सांगितलात, पट्टी न बघता. ही शिवण चार तास थांबू शकते. तुम्ही आधी झोपा."

मास्कच्या वरचे ते डोळे माझ्यावर थांबले. मग पट्टीवर गेले. तिथेच राहिले. त्याने हातमोजे उतरवले, ट्रेमध्ये ठेवले, आणि बाहेर गेला. दार दोनदा हललं आणि थांबलं.

संध्याकाळी पाचला तो आला, चेहरा धुतलेला, गालावर बाहेरच्या बाकाच्या फळीचा वळ. पट्टी वाचली, बोट ठेवून, एकेक अक्षर. "सुरू करू?" "करा." दोन तासांत एवढंच संभाषण. टाके असे पडत होते की सिस्टर स्वतःचं काम विसरून बघत होत्या. ड्रायव्हरची बोटं वाचली. तो माझ्याकडे एकदाही न बघता गेला.

गुरुवारी तो दिसला नाही. शुक्रवारी दिसला नाही. त्याचा चहाचा मग खिडकीशी उपडा. आणि खरी लाजेची गोष्ट पुढेच आहे. मी रजिस्टर लिहिलं नाही. मी, जिने चाळीस जणांना घसा फोडून सांगितलं होतं. गुरुवारी मी त्या दारासमोरून नजर चोरून गेले. शुक्रवारी दुसऱ्या जिन्याने गेले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. नाही लिहिलं तर कुणाला कळणार होतं? सिस्टर बोलणार नव्हत्या. कुणीच बोलणार नव्हतं. आणि नेमकं तेच तर मी मोडायला आले होते.

शुक्रवारभर मी स्वतःशी भांडले, आणि शनिवारी सकाळी पेन घेऊन दाराशी गेले. खिळा रिकामा होता. दोरी तेवढी लोंबत होती.

"साहेबांकडे गेलं," सिस्टर म्हणाल्या. "तुम्हालाही बोलावलंय. लगेच."

साहेबांच्या खोलीत मेजर सावधान उभा होता. दाढी गुळगुळीत, डोळे टवटवीत, नजर भिंतीवरच्या घड्याळावर. टेबलावर रजिस्टर उघडं, आणि ते पान कोरं नव्हतं. बारीक, सरळ अक्षर.

"कॅप्टन," साहेब म्हणाले, आणि त्यांचा चेहरा दात दुखत असल्यासारखा होता. "हे वाचा. मोठ्याने. तुमचाच नियम आहे म्हणे."

मी वाचायला लागले.

"'तारीख, बुधवार. वेळ, बारा. कोणाला थांबवलं: मेजर, शस्त्रक्रिया विभाग. कोणी थांबवलं: कॅप्टन, भूल विभाग. कारण: तीस तास जागा होतो. मागच्या रुग्णाचा रक्तगट सांगितला. चुकलो हे मला कळलंही नाही, हे जास्त गंभीर. थांबवणं बरोबर होतं का: होय. परिणाम: रुग्णाची तिन्ही बोटं वाकतील.'"

नोंद बुधवारचीच होती. ऑपरेशन संपवून जाता जाता त्याने लिहिली होती. मी दोन दिवस ज्या दाराला चुकवत होते, तिथे ती टांगलेली होती.

"पुढे," साहेब म्हणाले.

"'पुढील कारवाई. एक: मी प्रश्न सतराचं उत्तर बदलत आहे. पूर्ण सहमत. तसंच दोन दिवस झोपत आहे. दोन...'" मी थांबले.

"वाचा, वाचा. मला एकट्याला का शिक्षा?"

"'दोन: अशा प्रकारे थांबवणारं माणूस सदर अधिकाऱ्याला आयुष्यभर जवळ मिळावं, ही विनंती. भूलतज्ज्ञांची... संमती असल्यास.'"

माझे कान पुन्हा तापले, आणि या वेळी टोपीही नव्हती.

"तीस वर्षं नोकरी झाली माझी," साहेब म्हणाले. "सरकारी रजिस्टरात असला मजकूर मी पाहिला नाही. मेजर, हे पान सोमवारी तुमच्या शिफारशीला जोडावं लागेल. समिती काय म्हणेल सांगता येत नाही. हात दाखवून अवलक्षण आहे हे."

"जोडा, सर," मेजर म्हणाला.

"पहिला भाग जोडतो. दुसऱ्यावर पट्टी चिकटवून." साहेबांनी पेन उघडलं, शेरा लिहिला, आणि रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. 'निरंक. उत्तम.' नव्हतं. लिहिलं होतं: 'कारवाई एक मंजूर. कारवाई दोन या कार्यालयाच्या अखत्यारीत नाही. संबंधितांनी आपसात निकाल लावावा.' खाली सही.

समितीने त्या वर्षी त्याला घेतलं नाही. पुढच्या वर्षी घेतलं. ते वर्ष आम्ही कसं काढलं ते नंतर कधीतरी, पण त्या शनिवारी आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आम्ही व्हरांड्यात आलो. तोच व्हरांडा. पाऊस थांबला होता, पागोळ्या तेवढ्या गळत होत्या. मी रजिस्टर छातीशी धरून तरातरा पुढे निघाले, तो मागे.

"डॉक्टर... काहीतरी बोला."

"काय बोलू? तीन दिवस. तीन दिवस मला वाटलं, तुम्ही माझं तोंड बघणार नाही. आणि तुम्ही झोपला होतात?"

"कारवाई एक."

"आणि दोन? हे तोंडाने सांगता येत नव्हतं? साहेबांसमोर वाचायला लावलंत मला!"

"तुम्ही रजिस्टर रोज तपासता ना. मला वाटलं गुरुवारी सकाळीच वाचाल." तो थांबला. "का नाही वाचलंत?"

मी वळले. खोटं बोलायला हरकत नव्हती, पण आता कंटाळा आला होता.

"कारण मला लिहायचं नव्हतं. तुमचा कोर्स जाईल म्हणून. आणि... तुम्ही जाल म्हणून. आणि पहिल्या दिवशी तुम्ही विचारलं होतंत, मेजर आहे हे माहीत असतं तर थांबवलं असतंत का. मी अर्थातच म्हटलं. ते खरं नव्हतं. नसतं थांबवलं मी तुम्हाला. मामा समजले म्हणून थांबवलं."

"माहीत होतं मला," तो म्हणाला. "म्हणून तर बुधवारी... त्या दिवशी मी मेजर होतो, आणि तुम्हाला माहीत होतं. बाहेर बाकावर पडलो आणि झोप लागायच्या आधी एवढंच मनात आलं, की हिला सोडायचं नाही."

त्याच्या हातात काही नव्हतं, तरी तो बोटं एकमेकांत गुंतवत होता. सरळ टाका घालणारा माणूस, आणि त्याच्याच बोटांचा गुंता. माझा सगळा राग कुठे गेला कुणास ठाऊक. थोडा शिल्लक होता, तो मी सवयीने वापरला.

"अर्धवट निरोप चालत नाही," मी म्हटलं. "नीट सांगा. पूर्ण वाक्यात."

"मला तुमच्याशी लग्न करायचं आहे."

"तुम्हाला माझ्याशी लग्न करायचं आहे."

"बरोबर. आता तुमचं."

"मला पण."

"मला पण म्हणजे काय, मॅडम? पूर्ण वाक्यात. नियम आहे."

त्या क्षणीसुद्धा हा माणूस. मी डोळे मिटले आणि जरा जोरातच म्हटलं, "मला तुमच्याशी लग्न करायचं आहे. आणि तुम्ही रोज सहा तास झोपायचं. दोन्ही."

तो परत म्हणून दाखवणार तोच मागून चाकांचा आवाज आला. मोठ्या सिस्टर स्ट्रेचर घेऊन थिएटरकडे निघाल्या होत्या, पेशंटचे पाय पुढे, सोबत दोघे मदतनीस. तिघंही जागीच उभे. किती वेळ उभे होते, देव जाणे. मला वाटलं आता ते ठरलेलं "होय मॅडम" येणार, एका सुरात, डोळे खाली. सहा आठवडे दुसरं काय ऐकलं होतं मी?

सिस्टरनी मान वर केली आणि थेट माझ्याकडे बघून, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "ऐकलं. कॅप्टन मेजरांशी लग्न करणार, आणि मेजर रोज सहा तास झोपणार. बरोबर?"

न सांगता. न दरडावता. या रुग्णालयात पहिल्यांदा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मेजरला वाटलं ते त्याच्यासाठी आहे. थोडं होतंही.

"बरोबर," मी म्हटलं.